आखूडकानी

हिचे कान माझ्या झोपेने नेले.

नऊ वर्षं झाली. मार्चची रात्र होती,
चुलीशी जरा पाठ टेकली आणि डोळा लागला.
जाग आली तेव्हा गाय व्याली होती,
वार अजून लोंबत होती,
आणि दाराच्या फटीशी, जिथून वारा सुरीसारखा आत येतो,
तिथे ओली पाडी पडलेली.
कानांची टोकं काचेसारखी कडक.
तळव्यांत धरले, काखेत धरले,
शेवटी तोंडात धरले. खारट लागले.
आठवड्याने काळे पडले,
मग एका सकाळी गव्हाणीतल्या गवतात
नुसतीच दोन काळी सालं.

प्रोकोपी म्हणाला, दूध काही कानांतून येत नाही.
बरोबर आहे त्याचं.
पाच वेतं झाली हिची, दूध थोडं
पण साय अशी की चमचा उभा राहावा.

तरी मी तेव्हापासून कान वाचायला शिकले.
नदीवर बर्फाला भोक पाडून आम्ही गुरांना पाणी पाजतो,
रांगेत वाकलेल्या माना, वर उठणारी वाफ,
आणि मी मागून बघत असते:
हिचे अख्खे, ही जूनची.
हिचा डावा गेलेला, त्या रात्री लाकूड ओलं होतं.
शेजारची ऑक्तियाब्रिना सांगते,
अख्ख्या कानांची गाय म्हणजे
एक तर उन्हाळ्यात जन्मलेली
किंवा जाग्या बाईच्या हातावर.
ती हे माझ्याकडे बघून म्हणत नाही.
म्हणत नाही, तेच लागतं.

आज आखूडकानीचं सहावं वेत.
शेपटीच्या मुळाशी दुपारीच खळगे पडले,
कास तटतटली, सडांना चीक चिकटलाय.
बाहेर उणे त्रेचाळीस.
भिंतीला बाहेरून लिंपलेलं शेण
दगड होऊन बसलंय, म्हणून आत आम्ही आहोत.
मी बसलेय उलट्या बादलीवर, पाठ न टेकता.
मांडीवर एर्केनचे शाळेतले हातमोजे,
अंगठे उसवून, नाड्या लावून कानटोप्या केल्यात.
तो आता मीर्नीला असतो, हिऱ्यांच्या खाणीत ट्रक चालवतो.
दर रविवारी फोन करतो आणि विचारतो,
आई, थंडी आहे का तिकडे?
मी म्हणते, आहे थोडी.

तीन वाजता ती उठली, फिरली, परत बसली.
आधी दोन खूर आले,
पिवळे, मऊ, वापरून झिजलेल्या साबणासारखे.
मग जीभ. मग बराच वेळ काहीच नाही.
मी दोरी लावली, तिच्या कळेबरोबर ओढली,
कळ थांबली की थांबले.
सासूने शिकवलेलं एवढंच: गाय ढकलेल तेव्हाच तू ओढ,
तुझी घाई तिच्या पोटात घालू नकोस.

पडला एकदाचा धपकन, वाफाळत.
गोऱ्हा.

गोऱ्हा म्हणजे दोन हिवाळे.
तिसऱ्याची पहिली कडक थंडी पडली
की प्रोकोपी सुरीला धार लावेल,
आणि मी अंगण झाडून ठेवेन.
हे मला माहीत आहे, ऑक्तियाब्रिनाला माहीत आहे,
गाईला बहुधा माहीत नाही,
किंवा असेल, तिची जीभ थांबत नाहीये एवढं खरं.
घशातून तो आवाज काढतेय
जो वर्षभरात इतर कशासाठीच काढत नाही.

मी गोणपाटाने कान पुसले, आतपर्यंत, मुळापर्यंत.
एकेक टोपी चढवली, हनुवटीखाली गाठ मारली.
निळ्या लोकरीवर अजून एर्केनच्या नावाचं पहिलं अक्षर.
आखूडकानीने हुंगलं,
परत हुंगलं,
आणि डाव्या कानाची टोपी दातांनी ओढून
शांतपणे चावायला लागली.
मी ओरडले, ओढली, नाडी तेवढी हातात आली.
माझ्याकडे बघत गिळली तिने.

आता उजवा कान लोकरीत आहे
आणि डावा माझ्या मुठीत.
मुठीत काहीतरी बारीक, गरम, धडधडतंय,
त्याचं की माझं, कळत नाही.
प्रोकोपी, ऊठ.
चुलीत लाकूड घाल.
माझा हात मोकळा नाही.